खांबाशी बोलून शिकलेला तिरकामठा

शहापूरच्या मैदानावर आता तिरंदाजीचं मंडळ आहे. मुलं-मुली एकाच रंगाचे सदरे घालून येतात. फळ्यावर नियम लिहिलेले आहेत, ते मी उभं राहून सगळे वाचले. वेळेवर या, बूट घाला, पाण्याची बाटली आणा, सरांचं ऐका. मला खुर्ची दिली आणि म्हणाले, नवीन मुलांना आजी चार शब्द सांगतील. खुर्चीवर बसून चारच सांगता येतात, ते सांगून मी घरी आले. बाकीचे इथे लिहिते.

पहिली गोष्ट. मंडळात नाव घातलं म्हणजे कामठा हातात येतो, असं समजू नये. कामठा म्हणजे तुमचं धनुष्य. आधी दुसऱ्यांचे तीर वेचावे लागतात. मी दोन महिने वेचले. काट्यात, निवडुंगात, एकदा तर म्हशीच्या शेणात. ज्याला वाकायची लाज वाटते त्याने दुसरा खेळ बघावा.

आमच्या पाड्यात मंडळ होतं, पण त्याला मंडळ कोणी म्हणत नव्हतं. खळ्यावरची बैठक म्हणायचे. शेणवे गावाच्या अलीकडे आमचा पाडा, वीस-बावीस घरं. मी सांगते ती गोष्ट देश स्वतंत्र झाल्याला सहा-सात वर्षं झाली होती तेव्हाची. भात घरात आलं की खळं रिकामं व्हायचं, आणि तेव्हापासून शिमग्यापर्यंत रोज दुपार कलली की आठ पुरुष तिथे जमायचे. खळ्याच्या मध्ये सागाचा खांब होता, मळणीच्या वेळी बैल बांधायचा. तिथून पंचवीस पावलांवर चिंचेखाली पेंढ्याचा भारा उभा करायचा, त्याला बाभळीच्या काट्याने पळसाचं पान टोचायचं, की झालं मैदान तयार. शिकारीला जायचं ते वेगळं. खळ्यावर नुसता नेम, बिड्या आणि एकमेकांची टर.

आठ घरांच्या आठ जागा. जागा माणसाची नव्हती, घराची होती. घरातला ज्याचा नेम चांगला तो बसणार. बसणाऱ्याला हंगामात कुठे कामाला जायचं असेल तर त्याने घरचं दुसरं माणूस पाठवायचं. नाही पाठवलं तर जागा दुसऱ्या घराला जाणार. एक जागा आमच्या घराची होती. सासरे वारले तेव्हा ती माझ्या नवऱ्याकडे आली. आठांत सगळ्यात वाईट नेम त्याचा. हे मी तो असताना त्याच्या तोंडावर सांगायची, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

त्या वर्षी त्याला शहापूरला गवताच्या वखारीत काम लागलं. गवत दाबून गाठी बांधायच्या, त्या मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. आठवड्याने एकदा घरी यायचा. त्याला भाऊ नव्हता, आम्हाला अजून मूल नव्हतं. जागा जाणार म्हणून तो जेवताना तोंड पाडून बसला होता.

मी म्हटलं, "मला पाठवा."

तो हसला. मग हसायचा थांबला. "तू काय करशील तिथं?"

"तुमी काय करता? चिंचेला तीर मारता. मी भाऱ्याला मारीन."

मला हे का हवं होतं ते सरळ सांगते. माझं माहेर मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याजवळ. तिथे भात पिकायला लागलं की मी माळ्यावर बसून शेत राखायची, गलोलीने पोपट उडवायची. शेपटीचं पीस पाडीन म्हटलं तर पीसच पाडायची. सासरी येऊन तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत माझ्या हाताला लाकडाची मोळी, पाण्याचा हंडा आणि भाताच्या रोपांची मूठ यापलीकडे काही लागलं नव्हतं. एक गोष्ट मला चांगली येत होती आणि ती इथे कुणालाच माहीत नव्हती. एवढंच कारण.

सासू चुलीपुढे बसून सगळं ऐकत होती. माझी सासू कमी बोलायची, पण बोलली की ते ठरलं. ती म्हणाली, "एक शिमगा देते तुला. होळीच्या दिवशी नव्या माणसाची पारख असते. तीन तीर. पानाला एक लागला तं बस खळ्यावर म्हातारी होईस्तोवर. नाय लागला तं कामठा चुलीत."

नवरा म्हणाला, "चुलीत कशाला आई, होळीत टाकू की."

"होळीत फुकट जळंल. चुलीत भात तरी शिजंल."

असं ते ठरलं. बैठकीचा पुढारी होता माझ्या सासूचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामेसासरा. पाड्यातला सगळ्यात चांगला नेम त्याचा. पुरुषांना वाटलं, तो मला हाकलून देईल. त्याने बिडी विझवली आणि म्हणाला, "येऊ दे. तीर वेचायला माणूस लागतंच."

आता यात एक अडचण होती आणि ती लहान नव्हती. आमच्यात मामेसासऱ्याशी सून बोलत नाही. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही. त्याला हात लागता कामा नये. काही द्यायचं असेल तर जमिनीवर ठेवायचं, मग त्याने उचलायचं. तेव्हा हे सगळे पाळायचे. मीही पाळायची आणि त्यात मला काही जड वाटत नव्हतं. पण ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याकडून शिकायचं कसं?

त्याने उपाय काढला. पहिल्याच दिवशी मी तीर वेचून आणले आणि जमिनीवर ठेवले, तर तो माझ्याकडे न बघता त्या सागाच्या खांबाला म्हणाला, "खांबा, तिला सांग, तीर टोकाकडून धरून ओढायचा, पिसाकडून नाय. पिसं उपटली."

मी खांबाला म्हटलं, "खांबा, मामांना सांग, एकच उपटलं. बाकीची आधीच उपटलेली होती."

पुरुष हसले. मामेसासरा हसला नाही, पण त्या दिवसापासून तो खांब आमच्यामधला दुभाषी झाला. बिचाऱ्याने दोन्हीकडचं इतकं ऐकलं.

तीर वेचण्याचा फायदा नंतर कळतो. कुणाचा तीर कुठे जातो हे वेचणाऱ्याला बसणाऱ्यापेक्षा चांगलं समजतं. एकाचे सगळे तीर उजवीकडे पडायचे, कारण तो सोडताना मनगट वळवायचा. आमच्या शेजारच्या घरचा माणूस जोरात ओढायचा आणि घाईने सोडायचा. त्याचे तीर भाऱ्याच्या वरून जायचे आणि मला बांधापर्यंत धावायला लागायचं. तो माझी रोज थट्टा करायचा. "वहिनी, पळा, कोंबडीला लागला तं रस्सा करा." मी म्हणायची, "भावजी, तुमच्या नेमावर विसंबले तं रस्सा शिमग्यानंतर मिळंल."

महिनाभराने खांबाने मला सांगितलं की आता स्वतःचा कामठा कर. दुसऱ्याचा कामठा हातात घ्यायचा नाही, हा आमचा पक्का नियम. आजच्या मंडळात एकच धनुष्य दहा मुलं ओढतात, ते मला पटत नाही, पण तुमचं तुम्ही बघा.

कामठ्याला भरीव बांबू लागतो आणि तो अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा लागतो, म्हणजे भुंगा लागत नाही. तसा बांबू आमच्या माहेरच्या घरामागे होता. मी दोन दिवसांसाठी माहेरी गेले, बापाने निवडून तोडून दिला. तो घेऊन टोकावड्याला एसटीत चढले तर कंडक्टर म्हणाला, "बाई, ही काठी टपावर टाका."

"काठी नाय, कामठा हाय."

"कामठा कुठाय? बांबू हाय."

"होईल तवा कामठाच होईल. टपावर ऊन लागंल त्याला, फाकंल."

"मग काय माझ्या खुर्चीवर ठेवू?"

"ठेवा. तुमी तरी कुठं बसता?"

गाडीतले लोक हसले आणि त्याने घंटी मारली. मुरबाडपर्यंत मी बांबू उभा धरून गेले. प्रत्येक वळणाला तो कुणाला ना कुणाला लागत होता. एका म्हाताऱ्याची टोपी दोनदा पडली. दुसऱ्यांदा त्याने ती काढून खिशातच ठेवली.

मुरबाडच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणारा एक जण बसायचा. त्याच्याकडून मोडक्या छत्रीच्या काड्या मागून घेतल्या. तीन तीर, तीन काड्या. काडी दगडावर घासून टोकदार केली की तिच्यासारखं टोक लोहाराकडेही होत नाही. तिराला बोरूची सरळ काडी घ्यायची. मागे कोंबड्याची पिसं लावायची, पण ती एकाच पंखाची हवीत. डाव्या आणि उजव्या पंखाची मिसळली तर तीर दारू प्यायल्यासारखा जातो. हे मला खांबाने सांगितलं नव्हतं, माझं मीच बिघडवून शिकले. तेवढ्यासाठी सासूच्या कोंबड्याला दोनदा पकडलं. तो मला पाहिलं की पळायला लागला.

बांबू तासून, निखाऱ्यावर शेकून, हळूहळू वाकवून कामठा केला आणि महिनाभर चुलीच्या वर धुरात टांगला. केवणीच्या झाडाची साल भिजवून, वळून त्याची दोरी केली. सासू भाकरी थापताना वर बघायची आणि म्हणायची, "आतापासून बसलाय चुलीवर. वाट माहीत झाली त्याला."

मग शिकवणं सुरू झालं. मी खांबाशेजारी उभी राहायची, तोंड चिंचेकडे. मामेसासरा माझ्या मागे, पाच-सहा हात अंतरावर जमिनीवर बसायचा. मी पाठमोरी असल्यामुळे डोक्यावर पदर घ्यायची गरज नव्हती, कमरेला घट्ट खोचायची. लुगडं कासोट्याचं, पाय मोकळे. त्याच्या हातात एक लांब बारीक बांबू असायचा. माझं कोपर खाली आलं की मागून तो बांबू कोपराखाली यायचा आणि कोपर वर जायचं. खांदा उचलला की खांद्यावर टपली. हात न लावता त्याने माझं सगळं अंग सरळ केलं.

"खांबा, सांग तिला, श्वास सोडून मग दोरी सोड."

"खांबा, मामांना सांग, श्वास सोडला तं हात हलतो."

"खांबा, सांग तिला, हात हलतो कारण ती बोलते."

नवीन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नेम धरून बोलू नये. आणि दुसरं, कामठा जमिनीवर असेल तर त्याच्यावरून पाय टाकून जाऊ नये, फेरा घालावा. यात देवाधर्माचं काय असेल ते असो, पाय अडकून कामठा मोडतो हे मी दोनदा पाहिलंय. सगळ्यांनी कामठे खाली ठेवल्याशिवाय तीर आणायला एकानेही पुढे जायचं नाही. घरी जाताना दोरी एका टोकाची काढून ठेवायची. रात्रभर ओढलेला कामठा सकाळी तुमच्यासारखाच मरगळतो.

एक चूक मी केली ती कुणी करू नये. एके दिवशी खळ्यावर कोणी आलं नव्हतं तेव्हा मी तीर न लावता दोरी पूर्ण ओढली आणि सोडली, नुसता आवाज ऐकायला. कामठ्याच्या पोटाला बारीक चीर गेली. मामेसासरा मागून येत होता, ते मला दिसलंच नाही. तो आला तसा परत गेला. तीन दिवस खांब माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी कामठ्याच्या चिरेवर ओल्या आतड्याची वादी गुंडाळून, सुकवून मी तो जमिनीवर ठेवला. त्याने उचलून कानापाशी नेला, दोरी जराशी छेडली आणि खाली ठेवला.

"खांबा, सांग तिला, शिमग्यापर्यंत टिकंल. पुढचं तिचं ती बघंल."

पौष गेला, माघ गेला. पळसाला फुलं आली. माझे दहांतले सहा तीर पानाला लागायला लागले. शेजारच्याचे दोन लागायचे. नवऱ्याचे किती लागायचे ते मी लिहीत नाही. तो आठवड्याने यायचा, बघायचा आणि म्हणायचा, "लागला तं मी सुटलो. मी तीर वेचीन, बिडी ओढीन." शेजारचा त्याला चिडवायचा, "बायकोचे तीर वेचणार तू?" नवरा म्हणायचा, "तुझे वेचायला कोण बसलंय? ते बांधापलीकडं पडतात."

पण सहा म्हणजे चार चुकणार. आणि मला मिळणार होते तीन. सासू रोज वर कामठ्याकडे बघत होती.

होळीच्या दिवशी दुपारी सगळा पाडा खळ्यावर आला. बायका, पोरं, म्हातारे, कुत्री. सकाळीच पोरांनी होळीसाठी घराघरातली लाकडं पळवली होती. आमच्या अंगणातली माझी मोळीसुद्धा नेली होती, पण त्या दिवशी तिकडे कुणाचं लक्ष होतं? मी कामठा घेऊन खांबापाशी उभी राहिले. दोरी लावली. पदर कमरेला खोचला. आणि समोर बघितलं तर मामेसासरा चिंचेखाली भाऱ्याच्या बाजूला बसलेला.

पारखीचा नियम तसाच होता. पुढाऱ्याने त्या दिवशी भाऱ्याशेजारी बसायचं, म्हणजे तीर पानाला लागला की बाजूला लागला यावर भांडण नको. हे त्यालाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण हंगामभर तो माझ्या मागे बसला होता आणि दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं की होळीला तो समोर असणार. समोर मामेसासरा आणि सुनेचं डोकं उघडं! बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. सासूने माझ्याकडे बघितलं.

मी पदर कमरेतून काढला आणि डोक्यावर घेतला.

पहिला तीर लावला, ओढला, कानापर्यंत आणला. डोक्यावरच्या पदराची कड दोरीत आली. सोडला तेव्हा पदर डोक्यावरून ओढला गेला आणि तीर कुठे गेला ते मला दिसलंच नाही. शेजारच्याच्या घराच्या पेंढ्याच्या छपरातून एक कोंबडी ओरडत उडाली, तेव्हा कळलं. तो तीर पुढच्या पावसाळ्यात छप्पर शाकारलं तेव्हा सापडला.

शेजारचा ओरडला, "वहिनी, माझा नेम खराब, पण मी कधी तुमच्या घरावर मारला नाय!"

सगळे हसले. मीसुद्धा हसले असते, पण दोनच तीर उरले होते.

दुसऱ्या वेळी मी पदराची कड दातात धरली. दात आवळले की मान ताठ होते, मान ताठ झाली की खांदा वर येतो. मागून बांबू येऊन खांद्यावर टपली बसेल असं मला उगीच वाटलं. पण बांबू समोर होता, भाऱ्याशेजारी आडवा पडलेला. तीर सुटला आणि माझ्यापुढे दहा पावलांवर जमिनीत घुसला. या वेळी कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट.

नवरा म्हणाला, "आई, चूल पेटवून येऊ का?"

"गप रे," सासू म्हणाली.

मी तिसरा तीर हातात घेतला. पदर पुन्हा डोक्यावर. कामठा उचलला नाही, कारण उचलून काय होणार ते मला माहीत होतं. डोकं उघडं टाकून मारला असता तर लागला असता. पण मग सगळ्या पाड्यासमोर मी त्या माणसाचा मान घालवला असता, ज्याने हंगामभर मला शिकवलं. ते मी करणार नव्हते. मी तशीच उभी राहिले.

तेव्हा मामेसासरा उठला. त्याने आपलं घोंगडं उचललं, झटकलं, तिथेच भाऱ्याच्या बाजूला पुन्हा अंथरलं आणि त्यावर बसला. फक्त आता त्याची पाठ आमच्याकडे होती आणि तोंड डोंगराकडे.

कुणीतरी म्हणालं, "मामा, पुढाऱ्यानं बघायचं असतं ना?"

तो डोंगराकडे बघतच म्हणाला, "पुढाऱ्यानं भाऱ्यापाशी बसायचं असतं. मी बसलोय. बघायला सगळा पाडा हाय." मग मोठ्याने, "खांबा, सांग तिला, आज हवा बरी हाय."

मी पदर काढला आणि कमरेला खोचला. श्वास सोडला. दोरी सोडली.

पळसाचं पान अर्धं फाटलं आणि लोंबायला लागलं. पोरांनी बोंब मारली, होळीची बोंब असते तशी. बायकाही ओरडल्या. शेजारच्याने माझ्या नवऱ्याच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, "ऊठ, तीर वेच!" नवरा खरंच उठला आणि वेचून आणला. त्याला इतका आनंद झालेला मी नंतर फक्त गाय व्यायली तेव्हा पाहिला.

मामेसासरा अजून डोंगराकडेच बघत होता. एवढा आरडाओरडा झाला तरी त्याने मान वळवली नाही. त्याने विचारलं, "खांबा, लागला का?"

मी घाईने पदर डोक्यावर घेतला, नीट ओढला आणि म्हटलं, "खांबा, मामांना सांग, आता वळा."

तो वळला. उठून पानापाशी गेला, वाकून बघितलं, बोटं लावून मोजलं.

"खांबा, सांग तिला, देठाच्या दोन बोटं डावीकडं गेला."

बस, एवढंच. पण मग त्याने आपल्या घोंगड्याची घडी केली, आमच्या घराच्या जागेवर ठेवली आणि आपण जमिनीवर बसला. मी त्या घोंगड्यावर बसले. नवरा मागे उभा राहिला. पुढे कितीतरी वर्षं तो मागेच उभा राहिला, आणि तीर वेचण्यात मात्र त्याच्यासारखा आठ घरांत कोणी नव्हता.

घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. मी कामठ्याची दोरी काढली आणि तो चुलीच्या वर, त्याच्या जागेवर टांगला. सासू चुलीपुढे बसली होती. चूल थंड.

मी म्हटलं, "आई, भात नाय ठेवला?"

"कशावर ठेवू? लाकडं पोरांनी नेली होळीला. मी आणली नायत."

"का?"

तिने वर कामठ्याकडे बोट केलं. "हा होता ना. दुसरा तीर बघितला तवाच मनात तांदूळ धुतले मी."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिने ते तोंड वळवून संपवलं. मग ती उठली, कोयता घेतला, मी दोर घेतला आणि आम्ही दोघी बांधापलीकडे सरपणाला गेलो. परत येताना ती पुढे, मी मागे, दोघींच्या डोक्यावर मोळ्या. होळीकडे ढोल वाजायला लागला होता.

ती मागे न बघता म्हणाली, "उद्यापासून लाकडं सकाळी आणायची. दुपारी तुला खळ्यावर जायचं असंल."

मी सकाळी आणायला लागले.